चित्र खिशात दिसत नाही

३ मार्च

चि. छिन्नी,

अनेक आशीर्वाद. ते मोठ्या अक्षरात लिहिले आहेत, आणि मुद्दाम लिहिले आहेत.

तुझ्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने, दोन्ही कानांना टोपी नीट बसवून नोंदवत आहे. तुझं अक्षर. त्यापेक्षा मोहरी परवडली. मागचं पत्र मी आधी खिडकीशी नेलं, मग अंगणात नेलं, मग चष्मा कपाळावर चढवून नाकाशी धरलं. शेवटी तुझी वहिनी म्हणाली, "पत्र वाचताय की वाळत घालताय?" टांकसाळीत दिवसभर भिंगाखाली ठसे कोरणाऱ्या बाईला सगळं जगच नाण्याएवढं वाटत असणार, हे मी समजू शकतो. पण कागद सरकारी नाही, आपलाच आहे. ऐसपैस लिहावं. आणि 'मग फोन कर' असं सुचवू नकोस. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि माझी वाक्यं लांब असल्यामुळे क्रियापदापर्यंत मी कधी पोचतच नाही.

आता मुख्य विषय. नव्या नाण्यासाठी तुझा सुतार पक्षी निवडला गेला, हे वाचून (वाचायला एक दुपार गेली) ऊर भरून आला. सरकारी कागदावर नाव आलेली आपल्या घरातली तू पहिली. आजोबांचं आलं होतं म्हणा, पण ती नोटीस होती. लहानपणी खिळा घेऊन घरातलं एकही दार तू सोडलं नाहीस, म्हणून तुझं नाव छिन्नी पडलं. त्या दारांचं बलिदान कारणी लागलं. तू पाठवलेलं चित्रही झकास आहे. चोच अशी, की नाण्याला भोक पाडेल.

फक्त एक शंका आहे. परवा बसमध्ये मी मोठं नाणं म्हणून छोटं दिलं. वाहक म्हणाला, "काका, दिवसाढवळ्या?" मागचे लोक हसले. तुमची ती दोन नाणी रंगाला एक, काठाला एक, आकारात फरक तो कितीसा? तुझं नवं नाणंही त्याच मापाचं म्हणतेस. म्हणजे आता तीन भावंडं झाली. पक्षी सुंदर आहे, बये, पण चित्र खिशात दिसत नाही.

तुझा,
दादा


१४ मार्च

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (हेही बारीकच लिहिलंय. घे भिंग.)

तुझं पत्र वाचून मी दिवसभर धुसफुसत होते. त्या पक्ष्यासाठी मी ताटाएवढ्या प्लास्टरवर एकेक पीस कोरलं. मग यंत्राच्या सुईने ते सगळं ताट आंधळ्यासारखं चाचपत चाचपत नाण्याएवढं करून पोलादावर उतरवलं. तिथे पुन्हा मी, कोरणी आणि भिंग. डोळ्यातला ठिपका तर श्वास रोखून पाडला. आणि माझा सख्खा भाऊ म्हणतो, खिशात दिसत नाही!

रागारागाने मी कारखान्यात प्रयोग केला. तुला खोटं पाडायचंच होतं. एका पिशवीत दोन्ही जुनी नाणी आणि नव्याचे नमुने घातले आणि सगळ्यांना न बघता ओळखायला लावलं. दाबयंत्रावरचे, भट्टीवरचे, तपासणीवाले, सगळ्यांनी बिनचूक काढली! मोठे साहेब म्हणाले, "तुमच्या बंधूंना सांगा, खिसा बदला." मी हसत हसत घरी आले. घरमालकीणबाईंना ही गंमत सांगितली आणि तीच पिशवी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी सगळी चुकीची काढली. त्यांचे यजमान आले, त्यांचीही चुकली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, आम्ही परीक्षा घेतली कुणाची? ज्यांची बोटं आयुष्यभर नाण्यांवरच चालली त्यांची! हलवायाला साखर आणि मीठ ओळखायला लावून आम्ही निकाल जाहीर केला.

तर दादा, तू बरोबर आहेस. हे वाक्य कापून जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

आता मी काय योजलंय ते ऐक. नाणं छापताना कोरी चकती एका पोलादी कड्यात बसते आणि वरून-खालून ठसे तिला दाबतात. धातू पसरतो, कड्याला भिडतो, आणि कड्याच्या आतल्या खाचा नाण्याच्या काठावर दाते होऊन उमटतात. हे दाते सध्या दोन्ही नाण्यांना सबंध फिरलेत. पूर्वी लोक काठ तासून चांदी चोरायचे, त्यांना पकडायला ही युक्ती काढली. चोर गेले, दाते राहिले. माझ्या नाण्याला मी दाते तुटक देणार. थोडे दाते, मग गुळगुळीत जागा, पुन्हा दाते. बोट फिरवलं की कळलं.

साहेबांची रीतसर परवानगी काढून काही चकत्या पाठवतेय. चित्र नाही, आकडा नाही, फक्त काठ. निम्म्यांचे दाते सबंध, निम्म्यांचे तुटक. तुझ्या वाचनालयातल्या मंडळींवर प्रयोग कर. जूनमध्ये समिती बसते आणि नाण्यावर शेवटचा शिक्का मारते. त्यानंतर काठाला ब्रह्मदेवही हात लावू शकत नाही.

तुझी,
छिन्नी


२ एप्रिल

चि. छिन्नी,

प्रयोग झाला. अहवाल सादर.

स्थळ: वाचनालयाचा ओटा. पात्रं: निवृत्त स्टेशनमास्तर, औषधांच्या दुकानाचे मालक, एक वकील, आणि तुझ्या वहिनीने माझ्यावर लक्ष ठेवायला पाठवलेली तिची मैत्रीण. साहित्य: वहिनीचा जुना बटवा. त्यात झिजलेली नाणी, किल्ल्या, कोटाचं एक बटण आणि तुझ्या चकत्या. हत्तीला चाचपून कुणी त्याला खांब म्हणणारा, कुणी सूप म्हणणारा, त्याला आमच्याकडे अंधगजन्याय म्हणतात. तो मी आयुष्यभर फळ्यावर शिकवला, प्रत्यक्षात परवा पाहिला. स्टेशनमास्तरांनी छोटं नाणं काढून "मोठं!" अशी गाडी सोडल्यासारखी घोषणा केली. औषधवाल्यांनी बटण काढलं आणि ते नाणंच आहे यावर ते अजूनही ठाम आहेत. वकिलांनी आधी विचारलं, "चुकलं तर जबाबदारी कोणाची?"

जुन्या जोडीत सगळे गडगडले. पण तुझ्या तुटक दात्यांची चकती हाताला लागली की चेहरे बदलायचे. "हीच ती!" औषधवाल्यांनीसुद्धा ओळखली. मैत्रीणबाई तर म्हणाल्या, "हे म्हणजे जिना उतरताना कठडा सापडल्यासारखं वाटतं." वाक्य चांगलं आहे, तुझ्या समितीपुढे वापर.

मीही बसलो होतो. माझं एकही चुकलं नाही, जुन्या जोडीतसुद्धा. गुरुजनांचा विजय असो.

शाळेचं बरं चाललंय. लेखी परीक्षा बंद करून मी सगळं तोंडी घ्यायला लागलोय. मुलं खूश आहेत, मुख्याध्यापक चकित आहेत, आणि मी वह्यांच्या ढिगाऱ्यातून सुटलो.

तुझा,
दादा

ता. क. वन्सं, मी वहिनी. तुम्ही यांना चकत्या पाठवल्यात ते बरं झालं, माझा बटवा सारखा यांच्या हातात असतो. काल यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि "प्रयोग होता" म्हणाले. तुमच्याकडे कधी येणं होतंय?


२० एप्रिल

ती. दादा,

तुझा अहवाल मी दाबयंत्रापाशी मोठ्याने वाचून दाखवला. कोटाचं बटण आमच्याकडे आता अजरामर झालंय. कुणाचं काही चुकलं की, "औषधवाले!"

पण तुझं अक्षर रे दादा! मला बोलतोस आणि तुझ्या ओळी शेवटाकडे एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. शेरडं बरी. आता आळस पुरे, कागदाखाली रेघांचा कागद घाल. आणि हे सांग, तुझी सगळी बरोबर कशी आली? जुन्या जोडीत झिजलेली नाणी आमच्या तपासणीवाल्यांनीही चुकवली होती, मी नंतर करून पाहिलं. तू तर आयुष्यात कधी सुटे पैसे धड सांभाळले नाहीस.

आता वाईट बातमी. साहेबांना काठ नको आहे. त्यांचं म्हणणं, असं कडं टिकणार नाही, फुटेल, आणि नाणं वेळेवर निघालं नाही तर वरून विचारणा त्यांना होणार. ते अगदीच चुकीचंही नाही. वर त्यांनी सुचवलंय की काठाचा हट्ट धरला तर समिती अख्खं नाणंच बाजूला ठेवेल आणि दुसरं तयार चित्र घेईल. ते आहे, कपाटात. पूल, नदी, होड्या, सूर्य, सगळं एकाच नाण्यात कोंबलेलं. आणि पक्षी? पक्षी गेला.

दादा, इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेली चित्रं कोरली. हे पहिलं माझं आहे. गप्प बसले तर पक्षी नक्की. बोलले तर कदाचित दोन्ही, कदाचित काहीच नाही. खरं सांग, गप्प बसू का? काठाशिवायही नाणं चालतंच की. लोक खिशातून काढून बघतील.

तुझी,
छिन्नी


२७ एप्रिल

छिन्नी,

आज लहान पत्र. आश्चर्य वाटू देऊ नकोस.

गप्प बसू नकोस.

लोक काढून बघतील म्हणतेस. सगळेच बघतील असं नाही. संध्याकाळची बस, खाली गर्दी, एका हातात पिशवी, मागचा ढकलतोय, वाहक "लवकर" म्हणतोय. तेव्हा माणसाला आपल्या हातात काय आहे एवढं तरी आपलं आपल्याला कळावं. दुसऱ्यापुढे तळहात पसरून 'यातलं तुम्हीच घ्या' म्हणायची पाळी येऊ नये. ती फार वाईट गोष्ट आहे. मी पाहिली आहे.

पक्षी गेला तर दुसरा काढशील. आपल्याकडे दारं भरपूर आहेत.

माझी सगळी बरोबर कशी आली म्हणतेस? तीस वर्षं खडू धरलाय. शिक्षकाची बोटं असतात ती.

रेघांचा कागद घातला आहे.

दादा


११ जुलै

ती. दादा,

बघ! अक्षर मोठं काढलंय. एका पानावर पाच-सहा ओळी बसताहेत, माझे हात अवघडलेत, पण आज मी उदार आहे. कारण आपण जिंकलो!!

क्रमाने सांगते. समिती बसली. अध्यक्षबाई म्हणजे पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मी उठून काठाचं बोलले. साहेब म्हणाले, "नाणं ओळखायला देवाने डोळे दिलेत." मी म्हटलं, "साहेब, तुमच्या कोटाच्या खिशात सुटी नाणी आहेत. न बघता मोठं काढून दाखवता?" साहेबांनी खिशात हात घातला. खूप वेळ घातला. मग ऐटीत टेबलावर नाणं ठेवलं. छोटं होतं! "पुन्हा," म्हणाले. पुन्हा छोटं! अध्यक्षबाई म्हणाल्या, "साहेब, डोळे खिशात पाठवता येत असतील तर बघा." माझ्या शेजारचा माणूस पाणी पिता पिता ठसकला. मग त्यांनी तुझा बटवा मागितला (तू पाठवलास ते फार बरं केलंस), त्यात हात घातला आणि तुटक दात्यांची चकती पहिल्याच फटक्यात बाहेर काढली. "जिन्याचा कठडा," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मंजुरी मिळाली, एका अटीवर. छापून दाखवा. कडं फुटलं तर पूल, नदी, होड्या.

आणि फुटलं. पहिल्याच सकाळी. दाते जिथे संपतात आणि गुळगुळीत सुरू होतं, नेमकी तिथेच चीर. दुसरं घातलं, तेही तिथेच. मी ठशाकडे बघत बसले. पक्ष्याची शेपूट समोर होती. ती कोरताना मी बाजूची पिसं लहान लहान करत नेली होती, कारण एकदम थांबवली की कापल्यासारखी दिसतात. आणि माझ्या लक्षात आलं, मी काठाचे दाते कापल्यासारखे थांबवले होते! धातू तिथे भिंतीला धडक मारत होता. मी उठले आणि कडं बनवणाऱ्या काकांकडे धावले. म्हटलं, "काका, प्रत्येक गटाचा पहिला आणि शेवटचा दाता उथळ करा. शेपटीसारखा." काका म्हणाले, "नाण्याला शेपूट? बघितलं नाही बुवा कधी," आणि कामाला लागले.

तिसरं कडं टिकलं. दिवसभर टिकलं. आठवडाभर टिकलं! यंत्र धडधडत होतं, नाणी पन्हाळीतून पडत होती, आणि साहेब स्वतः एकेक उचलून काठावरून बोट फिरवत होते. शेवटी म्हणाले, "बाई, माझ्या खिशासाठी थोडी ठेवा."

आमच्याकडे रीत आहे, मान्य झालेलं पहिलं नाणं ठसा कोरणाऱ्याच्या तळहातावर ठेवतात. यंत्रातून निघालेलं नाणं गरम असतं, ठाऊक आहे तुला? उबदार अंड्यासारखं. मी डोळे मिटून काठ फिरवून पाहिला, आणि मग पक्षी पाहिला. आधी काठ, दादा. तुझ्यामुळे.

ते नाणं रीतीप्रमाणे परत द्यावं लागतं. तुला तुझं बाजारातूनच मिळेल, इतरांसारखं. सापडलं की लगेच लिही! आणि आता तरी सांग, तुझी सगळी कशी बरोबर आली? खडूची थाप मी मानत नाही.

तुझी,
छिन्नी


६ ऑक्टोबर

चि. छिन्नी,

मिळालं!

औषधांच्या दुकानात. सुटे घेऊन मी खिशात टाकले आणि दोन पावलं गेलो असेन, तोच बोटाला ते लागलं. दाते, मग गुळगुळीत, मग पुन्हा दाते. कडेचा दाता खरोखर शेपटीसारखा निमुळता आहे. मी भर रस्त्यात उभा राहून ओरडलो, "छिन्नी!" समोरून येणाऱ्या बाई बिचकून पलीकडे गेल्या. मी परत दुकानात शिरलो आणि मालकांना म्हटलं, "हे बघा, माझ्या बहिणीने केलंय." ते म्हणाले, "बटण तर नाही ना?" माणूस सुधारतोय.

मग मी बसमध्ये बसलो. कुठे जायचं नव्हतं. नेमका तोच वाहक. खिशात जुनी नवी सगळी घोळून ठेवली होती. त्याने हात पुढे केला, मी समोर बघत खिशात हात घातला आणि तुझं नाणं बरोबर त्याच्या तळव्यावर ठेवलं. म्हणाला, "वा काका, आज न बघता!" मी म्हटलं, "पुन्हा मागा." त्याने पुन्हा मागितलं, मी पुन्हा दिलं. मग शेजारचे म्हणाले, आम्ही बघू. मग मागचे. प्रत्येकाने खिशात हात घालून काढायचं, आणि निघालं की सगळ्या बसने "हेच ते!" म्हणायचं. एक म्हातारे गृहस्थ इतके रंगले की त्यांचा थांबा गेला. उतरताना वाहकाने मला हाताला धरून उतरवलं आणि म्हणाला, "बहिणीला सांगा, आमचं काम हलकं केलं." सांगितलं. छिन्नी, एवढ्या माणसांच्या खिशात आपल्या घरचं काहीतरी आहे! आजोबांची नोटीस फिटली.

वहिनीने तुझ्या नाण्याला दोरा बांधून देवापुढे ठेवायचं ठरवलं होतं. मी मोडता घातला. ते नाणं चालवण्यासाठी आहे. एकच माझ्याकडे ठेवलंय, उजव्या खिशात.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू दोनदा विचारलंस आणि मी एकदा खडूवर टाळलं.

तुझं जुलैचं पत्र, ते मोठ्या अक्षरातलं, मी वाचलं नाही. वहिनीने वाचून दाखवलं. ती तुझे विनोद गाळते, पण मला कळतात, कारण तिथे ती हसते. हे पत्रही तीच लिहून घेते आहे. तुझ्या अक्षराची मी मार्चमध्ये तक्रार केली होती. तुझं अक्षर होतं तेवढंच आहे. माझी उजवी नजर तेव्हा गेलेलीच होती, डावी आता जाते आहे. डॉक्टरांनी थांबवता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. शाळेतून मी दिवाणखान्यातल्या या खुर्चीत कायमचा आलो आहे. बटव्यात मी जिंकलो तो रोजच्या सरावामुळे. वाईट वाटून घेऊ नकोस, आणि न सांगितल्याबद्दल वहिनीला बोलू नकोस, मी तिला शपथ घातली होती.

चालणं, जेवणं, नाणी ओळखणं, सगळं शिकतो आहे, आणि बरं जमतं आहे. मला काळजी एकाच गोष्टीची आहे. तुला पाहून बरेच दिवस झाले, आणि हल्ली आठवायला गेलो की खिळा धरलेला हात लगेच दिसतो, पण चेहरा नीट येत नाही. डावीत अजून थोडा उजेड आहे. रजा काढून लवकर ये.

तुझा,
दादा